मागच्या चाकांवरचा भार

आमच्या घरात टायरवरून जेवढं भांडण झालं तेवढं शेताच्या वाटणीवरूनही झालं नाही. ते कसं मिटलं हे ओघात येईलच. पण त्या दिवसांत मी वीतभरही मागे सरले नव्हते, एवढं आधीच लिहून ठेवते. कारण आज माझे भाचे ती गोष्ट सांगताना बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठं करतात आणि मला ‘आत्या तेव्हापासूनच हट्टी’ म्हणून उरकून टाकतात. हट्टी होतेच. नसते, तर ती गाडी मारेगावला गेली असती आणि मी तिच्याही पलीकडे कुठेतरी, लग्न होऊन.

आमचा तांडा कळंबच्या डांबरी रस्त्यापासून आत, टेकडीच्या पायथ्याशी. मध्ये काळ्या मातीची पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, आणि तिला आडवा नाला. उन्हाळ्यात ही पांदण इतकी कडक, की तिच्या भेगांत पाय मुरगळायचा. पावसाळ्यात तीच पांदण पायातली चप्पल मागून घ्यायची आणि परत द्यायची नाही. आषाढ लागला की बा आपली पिकअप डांबरीवर देवराव नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी नेऊन उभी करी, ती पोळ्यानंतर आभाळ उघडेपर्यंत तिथेच. तेवढे महिने तांड्यातल्या बाया भेंडी, चवळीच्या शेंगा आणि सांभाराच्या जुड्या डोक्यावर घेऊन भल्या सकाळी गारा, म्हणजे चिखल, तुडवत निघत. (सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या वाचकाने उगाच इडली शोधू नये.) डांबरीवर पोचेपर्यंत भाजीने मान टाकलेली असे. जड माल असला तर देवरावचा ट्रॅक्टर, आणि तो देवरावला सवड आणि मर्जी असेल तेव्हा. मला त्या मर्जीची लहानपणापासून चीड होती. आमची याडी, म्हणजे आई, त्या माणसाशी बोलताना आवाज बारीक करायची. घरात मात्र तिचा आवाज नाल्यापलीकडे ऐकू जायचा.

आमचे लोक लदेणीचे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणारे. बैल गेले, शेती आली, पण रक्तातली हमाली जात नाही. गावकऱ्यांनी ज्या पैशांत विहीर खणली असती, त्या पैशांत बाने पिकअप घेतली. तो तिला ‘गाडी’ म्हणतच नसे, ‘लदेणी’ म्हणे. माझ्या लहानपणाचे आवाज कोणते असं कुणी विचारलं तर मी दोनच सांगते. एक, बाटी थापताना याडीच्या दंडापर्यंत भरलेल्या बलियांची, त्या जाड बांगड्यांची, खळखळ. आम्ही भाकरीला बाटी म्हणतो. आणि दुसरा, टपावरच्या दोन थापा. मी मागे पोत्यांवर उभी असे, माल नीट बसला की टपावर दोनदा हात मारी आणि बा पुढे गाडी काढी. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. शाळेत मला कुणी विचारलं असतं की तुला काय येतं, तर मी हेच सांगितलं असतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी कापसाच्या गाठोड्यांवरून पडून बाचा उजवा खांदा कायमचा धरला. भाऊ पुण्याला कंपनीत. मी यवतमाळला कॉलेजात होते आणि घरात न सांगता गाडी शिकून लायसन काढून बसले होते. सांगितलं तेव्हा याडीने कपाळाला हात लावला आणि मग पटकन दुसऱ्या हाताने मला गुळाचा खडा दिला. आषाढ लागण्याआधीच्या एका संध्याकाळी अंबाडीच्या भाजीत बाटी मोडता मोडता बाने सांगून टाकलं. घरी आम्ही गोरबोलीच बोलायचो, पण ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून इथे बाजारात बोलायचो त्या वऱ्हाडीत लिहिते.

“श्रावण झाला का गाडी इकून टाकतो,” बा म्हणाला. “मारेगावचा गिऱ्हाईक हाय. खांदा वर जात नाई, पोट्टा पुण्यात. उभी ठेवाले काय ते देऊळ हाय?”

“चालवतो मी,” मी म्हणाले. आमच्याकडे बायाही ‘करतो, जातो’च म्हणतात.

“डांबरीवर चालवशीन. पांदणीत काय करशीन?”

“पांदणीतूनच आणीन. आख्खा श्रावण. घरासमोर आणून उभी करीन.”

बा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने ताट बाजूला सारलं. “आणून दाखव. एकदाही देवरावच्या टॅक्टरची साखळी लागली, त सौदा पक्का. अन् मंग तुया लग्नाचंही पाहून टाकू.”

“साखळी लागू देत नाई. पण टायर मी निवडीन.”

टायर तसेही बदलायलाच आले होते. मागच्या दोन्हींवर बोट फिरवलं तर खाच लागत नव्हती. बाचा समज असा, की टायर म्हणजे दुकानात जायचं आणि रुबाबदार दिसेल तो उचलायचा. मला रुबाब नको होता, उंची हवी होती. पांदणीत बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो तो त्या उंचवट्यावर टेकला, की चाकं नुसती फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. चाक मोठं केलं की गोळा वर उचलला जातो. पण फार मोठं केलं तर वळताना ते मडगार्डला घासतं, आणि गाडी भरली की मागे आणखी खाली बसते. म्हणजे मोकळ्या गाडीवर मोजून उपयोग नाही. भरलेल्या गाडीवर मोजायला हवं. त्या दिवशी घरात एकही पोतं नव्हतं. मी बाला म्हटलं, मागे बस. लिंबाखाली चिलीम ओढत बसलेल्या नायकालाही म्हटलं. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा प्रमुख. तांड्यात पान हललं तरी त्याला विचारून हलायचं.

“मी काय पोतं हाय?” बा म्हणाला.

“मले भाराले बसवते!” नायक चिलीम विझवून उठूनच गेला.

मग पोट्ट्या बसल्या. माझी मैत्रीण कविता आणि तांड्यातल्या झाडून सगळ्या बिनलग्नाच्या पोरी, खिदळत, एकमेकींना ढकलत. मी स्टेअरिंग पूर्ण वळवलं, गाडीखाली पालथी पडले आणि मडगार्डपर्यंत जेवढी जागा उरत होती तेवढी तुराटीची काडी मोडून घेतली. एक पुढची, एक मागची. “काहून मोजून राह्यली वं? गाडीले पोलकं शिवतं काय?” कविता वरून ओरडली. मला राग आला होता, पण हसूही आलं.

यवतमाळला रहीमभाईंचं टायरचं दुकान होतं. काड्या बघून ते म्हणाले, “बेटी, दर्जी की दुकान बाजू में है.” पण मी पुढची काडी कशी, मागची कशी हे सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. बा मात्र भिंतीला टेकवलेल्या एका रुंद टायरसमोर उभा राहिला होता. पांढरी अक्षरं, जाडजूड खाचा, मोठ्या लोकांच्या जीपला असतो तसा. त्याचे डोळे अगदी नवरदेवाचा घोडा बघावा तसे झाले होते.

“हाच पायजे,” बा म्हणाला. “पाय रुंद असला का गाऱ्यात बसत नाई. उंटाचा पाय पाह्यला का कधी?”

“उंट वाळूत चालते, बा. आपल्या पांदणीत वर वीतभर गारा अन् खाली मुरूम. टायरनं गारा कापून मुरूम धरला पायजे. तरंगून कायले? आपल्याले काय नाव चालवाची हाय?”

हे मला कसं ठाऊक, ते बाला विचारावंसं वाटलं नाही. दर श्रावणात तिजेच्या सणात टोपल्यांत भरायला माती आम्ही पोरीच खणून आणायचो, नाल्याच्या काठची. वीतभर काळी निघाली की खुरपं मुरमावर खणकन वाजायचं. तांड्यातल्या एकाही पुरुषाने त्या काठाला कधी खुरपं लावलं नव्हतं. पण पांदणीबद्दल मत मात्र प्रत्येकाला होतं.

रहीमभाईंनी दुसरा टायर काढला. रुंदीला आमच्या जुन्याएवढाच, उंचीला एक नंबर मोठा, खाचा खोल आणि मोकळ्या, गारा अडकला तर फेकून देतील अशा. “ऑल-टेरेन,” ते म्हणाले. मी तो जुन्या टायरशेजारी उभा करून वाढलेली उंची दोन्ही काड्यांशी ताडून पाहिली. पुढची निसटती बसली, मागची आरामात. बाच्या लाडक्या रुंद टायरला पुढची काडी आडवीच आली. “देखो, सच बोलूँगा,” रहीमभाई म्हणाले. “इससे गाडी थोड़ा कम खींचेगी, तेल थोड़ा जास्ती पियेगी, और मीटर झूठ बोलेगा, दिखायेगा कम, भागेगी जास्ती. स्टेपनी भी यही लेना. और गारे में फँसी तो आधी हवा छोड़ देना, डांबर पे आके भर लेना.”

“ऐकलं?” बा म्हणाला. “सारं कमीच कमी.”

“उंची जास्त,” मी म्हणाले, आणि टायर गडगडत स्वतःच बाहेर नेला.

गाडी तांड्यात आली तेव्हा याडीला तिच्यात चढता येईना. तिने पाट मागवला, पाटावरही पाय पोचेना. “गाडी हाय का माळा?” म्हणून ती चिडली. तांड्याने त्या टायरांना ‘अल्टरनचे टायर’ असं नाव दिलं आणि आमच्या गाडीला ‘शेवीचा उंट’. शेवी मी, शाळेतलं नाव शेवंता. बा येताजाता त्या टायरांकडे परक्याच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघायचा. श्रावणात मी रोज सकाळी भाजी घेऊन निघत होते आणि दुपारी परत घरासमोर येऊन उभी राहत होते. चाकोरीत गाडी डावी-उजवी डुलायची, मागून गाऱ्याचे गोळे उडून टपावर पडायचे, आणि नाला ओलांडून चढण चढताना इंजिनाचा आवाज असा जड व्हायचा की माझ्या पोटऱ्या ताठ व्हायच्या. कॉलेज बुडत होतं. देवराव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून बघायचा. बायांच्या भाजीने मान टाकणं बंद झालं. याडीने देवरावशी बोलताना आवाज बारीक करणं सोडलं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्याच जागी नाचले असते.  मारेगावच्या गिऱ्हाइकाला बाने मात्र तीज बुडवण्याच्या दिवशी या म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि ते त्याने फिरवलं नाही. शब्द दिला की दिला. आम्ही त्याबाबतीत अजून बैलांच्या जमान्यात आहोत.

तीज आमच्या बिनलग्नाच्या पोरींचा सण. बांबूच्या टोपल्यांत माती भरायची, गहू पेरायचे, रोज गाणी म्हणत पाणी घालायचं, आणि शेवटी वाढलेल्या पिवळसर कोंबांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर जायचं आणि ते कोंब पाण्यात बुडवायचे. माझीही टोपली होती. मी गाडीवर असले की कविता तिला पाणी घाली. त्या शेवटच्या दिवशी मी खताची पोती आणि चुरम्यासाठी गूळ-तूप घेऊन यवतमाळहून निघाले, आणि कळंबच्या पुढे आभाळ फुटलं. पांदणीला लागले तेव्हा चाकोरी दिसतच नव्हती. नाला ओलांडला. पलीकडे तांड्याकडच्या चढणीवर सगळा तांडा उभा होता, डफडं वाजत होतं, पोरींच्या डोक्यावर टोपल्या होत्या, बा होता, आणि बाच्या शेजारी पांढऱ्या कपड्यातला मारेगावचा गिऱ्हाईक. आणि नेमकी अर्ध्या चढणीवर गाडी थबकली. मागचं चाक एकदा गरगर फिरलं.

अजून काही बिघडलं नव्हतं. थोडं मागे घेऊन पुन्हा धरली असती. पण तेवढ्यात नायक ओरडला, “पाठ मोकळी करा रे!” लदेणीचा बैल चिखलात बसला की आधी त्याची पाठ मोकळी करायची, मग बाकीचं, आमच्याकडे हे आईच्या दुधाबरोबर पाजतात. मी काच खाली करेपर्यंत तांड्यातले सगळे गडी धावले, मागे चढले आणि खताची पोती पटापट धुऱ्यावर फेकली. मी ओरडत होते, कुणी ऐकत नव्हतं. सगळे मला मदत करण्यात गुंग होते. शेवटचं पोतं उतरलं आणि मोकळी झालेली गाडी घसरत घसरत मागे नाल्यापाशी गेली. आता चाक फिरवलं की नुसता गारा उडायचा. मागे वजनच नव्हतं, टायर मुरमापर्यंत जाणार कसा?

“झालं,” बा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त तो शब्द ऐकू आला. “देवरावले बोलवा.”

देवराव साखळी खांद्यावर टाकून आलेलाच होता. मी खाली उतरले. घोटे बुडाले. “साखळीले हात लावाचा नाई,” मी म्हणाले. मागच्या चाकाशी बसून काडीने वॉल्व दाबला आणि हवा सोडायला लागले. “पोती परत टाका गाडीत.”

“फसलेल्या जनावरावर कोणी भार घालते काय वं?” नायक म्हणाला.

“हे जनावर नाई! याले दम लागत नाई, याची कंबर दुखत नाई. याले मागून दाब पायजे. टाका पोती!”

कुणी हललं नाही. खरं तर पोतीही भिजून चिखलात रुतली होती. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू माझ्या अंगात आलंय. माझे डोळे भरून आले होते, रागाने, आणि ते पुसायला हात स्वच्छ नव्हते. मी कविताकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर एक टोपली होती आणि काखेत दुसरी, माझी.

“कुठं बसू?” ती म्हणाली.

“मागच्या चाकावर. उभी राह्य, जाळीले धर.”

“तीज घेऊन गाडीवर? पोट्ट्यांहो, उतरा!” नायक ओरडला. पण तोवर कविता चढली होती, आणि ती चढली म्हटल्यावर बाकीच्या थांबतात कशाला. घागरे खोचून, टोपल्या सांभाळत, एकमेकींना हात देत सगळ्या वर गेल्या. मोजमापाच्या दिवशी बसल्या होत्या त्याच. कुठे उभं राहायचं ते त्यांना सांगावंही लागलं नाही. मी आत बसले, पहिला गिअर टाकला आणि अगदी हळू क्लच सोडला. चाक एकदा फिरलं. मग खालून खरखर ऐकू आली, मुरमाची. खुरप्याला लागतो तसा तो टायरला लागला. गाडी जड आवाज करत, देवरावच्या साखळीसमोरून, चढण चढून वर आली. मागे पोरींनी तिजेचं गाणं सुरू केलं ते थेट तांड्यातल्या लिंबाखाली गाडी उभी राहीपर्यंत.

गडी मागून धावत आले, गिऱ्हाईक सगळ्यात पुढे. धोतराची आणि गाऱ्याची पर्वा त्याने सोडली होती. “हरसिंगभाऊ,” तो बाला म्हणाला, “गाडी नाई, रणगाडा हाय. घेतली समजा.”

“गाडी इकाची नाई,” मी खिडकीतून म्हणाले.

तो हसला. “मी मालकाले इचारून राह्यलो, बाई.”

 बा वाकून मागच्या टायरकडे बघत होता. खाचांतला गारा त्याने बोटाने काढून पाहिला. तेवढ्यात मागून कविता किंचाळली, “वं शेवे! तीज त बुडवाचीच राह्यली!” खरंच की. कोंबांच्या टोपल्या सगळ्यांच्या डोक्यावर तशाच होत्या, आणि पाणी मागे, नाल्यात. म्हणजे त्याच चढणीवरून पुन्हा खाली आणि पुन्हा वर. डफडंवाला थांबला. पोरी उतरायला लागल्या.

“बसून राहा,” मी म्हणाले. “नेऊन आणतो.”

मी गाडी सुरू केली. आरशात बघते तो बा मागच्या फळीला धरून, एका हाताने, वर चढत होता. धरलेला खांदा वर जात नव्हता; कविताने काखेत हात घालून ओढून घेतला.

“बा, काय करून राह्यला तू?” मी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

“तुले भार पायजे ना मांगं?”

“तू काय पोतं हाय?”

“चाल मुकाट्यानं,” बा म्हणाला. मग त्याने खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. “मले काय इचारता, भाऊ? मी मागचा माणूस. मालकीण पुढं बसली.”

आणि टपावर दोन थापा पडल्या.